आधी नाटक, मग पद : संगीत रंगभूमीच्या रसिकासाठी एक वाचनक्रम



संगीत नाटकाचा घटक शिकवताना मी संपर्कसत्राच्या आरंभी एक लहानसा प्रयोग करते. रविवारची सकाळ असते. वर्गात अंधेरी-बोरिवलीकडून आलेले विद्यार्थी असतात, तसे घाटकोपर-मुलुंडकडून गाडी बदलून आलेलेही असतात. कोणी बँकेत काम करते, कोणी रुग्णालयात रात्रपाळी संपवून आलेली असते, कोणी निवृत्तीनंतर राहून गेलेली पदवी पुरी करायला बसलेले असते. ‘नाट्यपद कोणाला येते?’ असे विचारले की चार-पाच हात वर होतात. त्यांतला एखादा आवाज खरोखर तयार असतो आणि वर्ग तल्लीन होऊन ऐकतो. पद संपले की मी तीन प्रश्न विचारते. हे पद नाटकात कोण म्हणते? कोणाला उद्देशून म्हणते? ते सुरू होण्याच्या क्षणापूर्वी रंगमंचावर काय घडलेले असते? या प्रश्नांवर बहुधा शांतता पसरते. राग सांगता येतो, ताल सांगता येतो, ते कोणी अजरामर केले हेही सांगता येते. पात्राचे नाव मात्र आठवत नाही.

हा दोष गाणाऱ्याचा नव्हे. आपल्या तीन पिढ्यांनी संगीत नाटक ऐकले आणि वाचले मात्र नाही, त्याचा हा परिणाम आहे. म्हणून या पूरक वाचनाच्या पाठात मी केवळ पुस्तकांची यादी देणार नाही; एक मत मांडणार आहे. ज्याला संगीत रंगभूमीवर प्रेम आहे आणि तिचा इतिहास समजून घ्यायचा आहे, त्याने प्रथम नाटकांच्या संहिता वाचाव्यात, त्यानंतर रंगकर्मींची आत्मचरित्रे वाचावीत आणि इतिहासग्रंथ सर्वांत शेवटी हाती घ्यावेत. आपला अभ्यासक्रम बहुधा याच्या उलट क्रमाने चालतो, याची मला जाणीव आहे. तरीही हा आग्रह मी का धरते, ते पुढे सांगते.

पद नाटकापासून कसे सुटले?

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या पद्धतीच्या नाटकांत गाणे सूत्रधाराच्या मुखी असे. तो पदांतून कथा सांगत जाई आणि पात्रे मधूनमधून ऐनवेळी सुचेल तसे गद्य बोलत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला, तेव्हा ही व्यवस्था मुळापासून बदलली. पात्रे आपापली पदे स्वतः गाऊ लागली. हा बदल आपण सामान्यतः संगीताच्या इतिहासात नोंदवतो. भाषेची अभ्यासक म्हणून मला तो भाषिक व्यवहारातला बदल वाटतो. सूत्रधाराचे पद हे निवेदन होते. शकुंतलेचे पद ही तिची उक्ती झाली. उक्तीला बोलणारा असतो, ऐकणारा असतो आणि प्रसंग असतो. या तिन्हींवाचून उक्तीचा अर्थ पुरा होत नाही.

पुढे नेमके हेच तिन्ही गळून पडले. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्यात प्रसंगाला जागा नव्हती. मैफलीत भैरवीपूर्वी एखादे नाट्यपद म्हणण्याची प्रथा पडली. आकाशवाणीने नाट्यसंगीत घरोघरी पोहोचवले आणि आता भ्रमणध्वनीवर ते लोकलच्या गर्दीतही ऐकता येते. या साऱ्यामुळे पद जगले, याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. परंतु पद जगले आणि नाटक मागे राहिले, हेही तितकेच खरे आहे.

यावर एक आक्षेप तुमच्या मनात येईल. नाटक ही पाहण्याची गोष्ट आहे. ते वाचून काय कळणार? आक्षेप योग्य आहे. पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा मुलुंडचे कालिदास नाट्यमंदिर येथे जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग लागला, तर तो अवश्य पाहावा. अभ्यासासाठी त्याहून चांगला दिवस नाही. पण एक लक्षात ठेवावे. ही नाटके रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांसाठी लिहिली गेली होती. आजचा प्रयोग तीन तासांच्या आत बसवावा लागतो आणि कात्री लागते ती मुख्यतः गद्याला, उपकथानकांना आणि कमी लोकप्रिय पदांना. म्हणजे आज रंगमंचावर दिसते ती त्या नाटकाची निवडक आवृत्ती असते. संपूर्ण नाटक आता केवळ छापील पानावरच भेटते.

पहिला टप्पा : चार संहिता आणि एक पुढची

संहितांचा आरंभ मी ‘संगीत सौभद्र’पासून करायला सांगते. हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आले. कथा पुराणातली आहे, पण वाचताना जाणवते ते एक मराठी एकत्र कुटुंब. घरातल्या वडील भावाने बहिणीचे लग्न एका ठिकाणी ठरवले आहे, धाकट्या भावाच्या मनात दुसरे स्थळ आहे आणि थोरल्याला न दुखावता त्याचा बेत कसा उधळावा, एवढाच प्रश्न आहे. कृष्ण येथे देव म्हणून फारसा वावरत नाही. तो घरातले राजकारण उत्तम जाणणारा भाऊ आहे. त्याचे गद्य मुद्दाम मोठ्याने वाचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय घरातील बोलण्याशी त्याचे किती जवळचे नाते आहे, ते कानाला कळेल. पदांकडे पाहताना वृत्तांची नावे टिपा. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही नावे कीर्तन आणि आख्यानकविता यांच्या परंपरेतून आलेली आहेत. किर्लोस्करांचा जन्म कानडी मुलखातील गुर्लहोसूरचा. त्यामुळे काही चाली कानडी पदांवरून घेतलेल्या आहेत. ज्याला आपण ‘अस्सल मराठी’ म्हणतो त्या नाट्यसंगीताच्या पहिल्याच पायरीवर दोन भाषांचा शेजार आहे, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

दुसरे नाटक गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९). जरठ-कुमारी विवाहावरचे नाटक म्हणून त्याची ओळख आपल्या सर्वांना आहे. ती ओळख घेऊनच वाचा आणि शेवटाकडे थांबा. वृद्ध भुजंगनाथाशी शारदेचा विवाह मोडतो तो कशामुळे? दोघांच्या वयातील अंतरामुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. समाजाच्या एका क्रूर रूढीला नाटककाराने त्याच समाजाच्या दुसऱ्या एका नियमाने अडवले आहे. देवलांनी हे धोरण म्हणून केले की ती त्यांची मर्यादा होती, याबद्दल मतभेद होऊ शकतात आणि व्हावेत. केवळ पदे ऐकणाऱ्यापर्यंत मात्र हा प्रश्न पोहोचतच नाही. येथे एका भाषिक गैरसमजाचाही उल्लेख करते. १९२९ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा जो कायदा झाला, त्याला आपण मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणतो आणि तो या नाटकावरून नाव मिळालेला कायदा आहे, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला. मराठी माणसाने ‘सारडा’चे ‘शारदा’ केले. एका नाटकाने भाषिक समाजाच्या मनात किती घर केले होते, याचा याहून बोलका पुरावा मी देऊ शकणार नाही.

तिसरे नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’. ते १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आले. त्या आधीच्या वर्षी सरकारने त्यांच्या ‘कीचकवध’ या गद्य नाटकावर बंदी घातली होती आणि लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अशा वेळी ‘केसरी’च्या परंपरेतला हा लेखक एका श्रीमंत मुलीची व गरीब सेनापतीची प्रेमकथा लिहितो. ती नुसती प्रेमकथा आहे का, हे संहिता वाचून ठरवा. पैशाचा मान आणि पराक्रमाचा अपमान हा विषय १९११ च्या प्रेक्षकाने कसा ऐकला असेल, याचा विचार करा. खाडिलकरांच्या पदांची भाषा ओबडधोबड आहे, अशी टीका पूर्वीपासून होत आली आहे. ती टीका पूर्ण खोटी नाही. या पदांना गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी, दादरा अशा उत्तरेकडील गायनप्रकारांच्या वळणाच्या चाली दिल्या होत्या आणि शब्दांना त्या चालींच्या मापात बसावे लागले. म्हणून एखादे पद आधी कवितेसारखे वाचा, अडखळा, आणि नंतर ते ऐका. जेथे वाचताना अडखळला होता, तेथेच गायकाला दीर्घ स्वरावर ठेहराव मिळालेला आढळेल. शब्दाने काय गमावले आणि सुराने काय कमावले, याचा हिशेब तेव्हाच मांडता येतो.

चौथे नाटक राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि नाटक त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी रंगमंचावर आले. त्याचे गद्य गडकऱ्यांचे आहे, पदे मात्र विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. एका नाटकात दोन लेखण्या आहेत, ही गोष्ट पदे गुणगुणणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. वाचताना गद्याकडून पदाकडे जाताना भाषेचे तापमान कसे बदलते, ते पाहा. गाणे मुख्यतः सिंधूच्या वाट्याला आले आहे आणि ती भूमिका बालगंधर्वांची होती; सुधाकराची भूमिका गणपतराव बोडसांनी केली. सोसणारी गाते आणि ज्याच्यामुळे सोसावे लागते तो बोलतो, अशी ही वाटणी आहे. अभ्यासकेंद्रावर या नाटकाची चर्चा होते तेव्हा एखादी विद्यार्थिनी फार मोजके बोलते आणि वर्ग गप्प होतो. दारूने उद्ध्वस्त झालेले घर जिने जवळून पाहिले आहे, तिला सिंधूची सहनशीलता आदर्श वाटत नाही. तिला तिचा राग येतो. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला न सुचणारे हे वाचन आहे. प्रौढ वयात शिकण्याचा हा लाभ आहे आणि तुम्ही तो संकोच न करता उत्तरपत्रिकेत वापरला पाहिजे.

या चौघांनंतर पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) वाचा. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे गायन यांमुळे ते गाजले. येथे पात्रे गातात कारण ती गायकच आहेत आणि दोन घराण्यांतला संघर्ष हाच नाटकाचा विषय आहे. ‘पात्र का गाते?’ या संगीत नाटकाच्या मूळ प्रश्नाला १९६७ साली दिलेले हे उत्तर आहे. ज्यांनी २०१५ चा चित्रपट पाहिला आहे त्यांनी दोन्ही कथानके ताडून पाहावीत.

दुसरा टप्पा : रंगकर्मींचे लेखन

संहिता वाचून झाल्यावर नाटक मंडळींच्या बिऱ्हाडात प्रवेश करावा. तेथे नेणारी पुस्तके मराठीत विपुल आहेत आणि ती वाचनीयही आहेत. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’, गोविंदराव टेंबे यांची ‘माझा संगीत व्यासंग’ व ‘माझा जीवनविहार’, मामा वरेरकर यांचे ‘माझा नाटकी संसार’ ही त्यांतली प्रमुख होत. ‘बहुरूपी’ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका नटाच्या आत्मचरित्राला साहित्य म्हणून मिळालेली ही मान्यता आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ही पुस्तके एकेक करून वाचू नका; जोडीने वाचा. उदाहरण देते. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे टेंबे त्या भागीदारीतून निघाले, काही काळाने बोडसही निघाले. एकाच संसाराची हकीकत दोन माजी भागीदारांनी लिहिली आहे. तिसऱ्या भागीदाराची बाजू आपल्याला मुख्यतः इतरांच्या लेखणीतून कळते. बोडस नट आहेत; त्यांचे लक्ष भूमिकेकडे आणि तालमीकडे आहे. टेंबे पेटीवादक आणि संगीतकार आहेत. त्यांचा कान चालीकडे आणि गळ्याकडे आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की इतिहास एकाच तोंडून ऐकायचा नसतो, हा धडा कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकाशिवाय मिळतो.

आत्मचरित्रांबाबत एक सावधगिरीही हवी. ती बहुतेक उतारवयात, आठवणींच्या आधारे लिहिलेली आहेत. त्यांत स्वतःचे समर्थन असते, जुने हिशेब चुकते केलेले असतात आणि गतकाळ सोनेरी दिसत असतो. शिवाय ती जवळजवळ सारी पुरुषांची आहेत. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या त्या काळात स्त्रियांचे कर्तृत्व पडद्यामागे होते आणि पुष्कळदा तेथेच राहिले. ‘एकच प्याला’च्या चालींसाठी बालगंधर्वांना सुंदराबाईंचे साहाय्य झाले होते. असा उल्लेख वाचनात कोठे एका वाक्यात येऊन गेला, तर तेथे पेन्सिलीने खूण करा. ज्या कलावतींच्या गळ्यातून नाट्यसंगीताने चाली उचलल्या, त्यांची नावे जाहिरातींवर नव्हती. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि ज्योत्स्ना भोळे यांच्यासारखी स्त्री स्त्रीच्या भूमिकेत उभी राहून गाऊ लागली, तेव्हा गाण्याची जात बदलली. नाट्यपद लहान झाले, बोलण्याच्या जवळ आले. या बदलामागचा विचार संगीतकाराच्या बाजूने जाणून घ्यायचा असेल, तर केशवराव भोळे यांचे ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ वाचावे.

या पुस्तकाचे मोल कळावे म्हणून थोडे दूर पाहू. अमेरिकी संगीत रंगभूमीचे गीतकार-संगीतकार स्टीफन साँडहाइम यांनी २०१० साली ‘फिनिशिंग द हॅट’ या ग्रंथात आपली गीते स्वतःच्या टिपणांसह प्रसिद्ध केली. कोणता शब्द का निवडला, कोठे आपण चुकलो, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. आपल्याकडे देवलांनी किंवा खाडिलकरांनी असे टिपण आपल्या पदांवर लिहून ठेवले असते, तर आज आपण किती श्रीमंत असतो! त्या पिढीची कार्यशाळा आपल्याला बंदच आहे. टेंबे आणि भोळे यांच्या लेखनामुळे तिची एखादी खिडकी उघडते, म्हणून ती पुस्तके मी आवश्यक मानते.

तिसरा टप्पा : इतिहास शेवटी का?

आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमि’ हा ग्रंथ १९०३ सालचा आहे. म्हणजे किर्लोस्करांना जाऊन दोन दशकेही झाली नव्हती, तेव्हा तो लिहिला गेला. श्री. ना. बनहट्टी यांचा ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ १९५७ सालचा. संगीताच्या अंगाने विचार करणाऱ्यांनी अशोक दा. रानडे यांचा ‘स्टेज म्युझिक ऑफ महाराष्ट्र’ हा १९८६ सालचा इंग्रजी ग्रंथ पाहावा. त्याचा आकार आटोपशीर आहे आणि भाषा अवघड नाही. या ग्रंथांबद्दल मला आदर आहे. तरीही ते शेवटी वाचा असे म्हणते, त्याचे कारण सांगते. इतिहासग्रंथ निष्कर्ष देतो. हाती पुरावा नसताना निष्कर्ष मिळाला की आपण तो पाठ करतो. हाती पाच संहिता आणि चार आत्मचरित्रे असताना तोच निष्कर्ष वाचला, तर आपण त्याच्याशी बोलू लागतो.

संगीत नाटकाच्या ऱ्हासाचा प्रश्न घ्या. ‘बोलपट आला आणि संगीत रंगभूमी संपली’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांतून असंख्य वेळा वाचले आहे. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा मराठी बोलपट १९३२ साली आला, हे खरे. पण त्यात हरिश्चंद्राचे काम कोणी केले आणि संगीत कोणी दिले? ‘मानापमान’ला चाली देणाऱ्या गोविंदराव टेंबे यांनीच. स्वतः बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त भूमिका केली. म्हणजे बोलपट हा बाहेरून आलेला शत्रू होता, एवढे म्हणून भागत नाही. रंगभूमीचीच माणसे तिकडे वाट शोधीत होती. ती का शोधीत होती, हे आत्मचरित्रे सांगतात. मोठ्या मंडळींचा खर्च, कर्ज, भागीदारांतील बेबनाव, ‘वन्समोअर’च्या हौसेपायी थांबून राहणारे कथानक आणि गायकापुढे दुय्यम झालेले नाटक या गोष्टी बोलपटाच्या आधीपासून घरातच होत्या. पद नाटकापेक्षा मोठे होऊ लागले, तेथे ऱ्हासाची सुरुवात झाली, असे माझे मत आहे. ते तुम्ही मान्य करावे असा आग्रह नाही. पुरावा पाहून ते खोडून काढलेत, तर मला अधिक आनंद होईल.

इतिहासाच्या आरंभाबाबतही असेच सावध राहावे. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण १८४३ च्या प्रयोगाच्या स्मरणार्थ पाळतो आणि ते उचितच आहे. पण तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात त्याच्या दीडशे वर्षे आधी पदांनी युक्त अशी मराठी नाटके लिहिली गेली होती. महात्मा फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. ते त्या काळात रंगमंचावर येऊ शकले नाही आणि छापून निघायलाही शतकाहून अधिक काळ लागला. ‘पहिले’ नाटक कोणते, हा प्रश्न मग ‘कोणाचे’ आणि ‘कोणासमोर’ या प्रश्नांशी जोडला जातो. सुवर्णकाळाचे वर्णन वाचतानाही हे विचारावे. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’चे वर्णन प्रत्येक ग्रंथात येते. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या त्या प्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. त्यांचे वय अवघे एकतीस होते. ‘शारदे’च्या भूमिकेने लहानपणीच नावारूपाला आलेल्या आणि ‘ललितकलादर्श’सारखी संस्था उभारणाऱ्या या कोल्हापूरच्या नटाबद्दल त्या एका रात्रीपलीकडे आपण किती वाचलेले असते?

पुस्तके कोठे मिळतील, कशी वाचावीत?

यांतील अनेक पुस्तके आज दुकानात मिळत नाहीत, ही अडचण मला ठाऊक आहे. पण मार्ग आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्काची मुदत संपते. त्यामुळे किर्लोस्कर, देवल, गडकरी आणि खाडिलकर यांच्या संहिता आता सर्वांसाठी खुल्या आहेत आणि जुन्या आवृत्त्यांच्या प्रतिमा महाजालावर विनामूल्य वाचता येतात. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे. उपनगरांतही पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ अशा संस्थांनी ग्रंथालये जपली आहेत. तेथे जाऊन नाटकांचे कपाट कोठे आहे, असे विचारा. ज्या पुस्तकाला वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही, ते कधीतरी जागेअभावी बाद होते. तुम्ही एक पुस्तक घरी नेलेत, म्हणजे त्याच्या नोंदीवर एक नवी तारीख पडते; त्या पुस्तकाचे आयुष्य त्यामुळे वाढते, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

वाचण्याची पद्धत साधी आहे. एक वही करा. प्रत्येक पदापुढे तीन गोष्टी लिहा : कोण म्हणते, कोणाला म्हणते आणि पद संपल्यावर काय बदललेले असते. तिसऱ्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहावे लागले, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. अशी पदे किती आहेत आणि ती कोणत्या नटासाठी आहेत, हे पाहिले की नाटककारावर गायकाचा दाब कोठे होता ते आपोआप उघड होईल. संहिता रोज एक प्रवेश या गतीने वाचा. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून मुंबईच्या स्थानकापर्यंत जायला लागणारा वेळ एका प्रवेशाला पुरतो. बसायला जागा मिळाली पाहिजे, एवढीच अट. नोकरी, घर आणि अभ्यास यांची ओढाताण नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरी करीत होते आणि देवल शिक्षक होते, हे अशा वेळी आठवावे.

पदे ऐकणे सोडा, असे मी कधीही म्हणणार नाही. मी स्वतः ते सोडलेले नाही. फक्त क्रम बदला. नाटक वाचून झाल्यावर तेच पद पुन्हा ऐका. आतापर्यंत तुम्ही एक गळा ऐकत होता. यापुढे एक माणूस बोलताना ऐकू येईल, आणि तो कोणाशी बोलतो आहे हेही तुम्हाला ठाऊक असेल. पुढच्या संपर्कसत्राला येताना वही बरोबर आणा. ‘नाट्यपद कोणाला येते?’ असे मी पुन्हा विचारीन. गाऊन झाल्यावर माझे तीन प्रश्न येतीलच. या वेळी त्यांची उत्तरे तुम्ही द्यावीत आणि चौथा प्रश्न मला विचारावा, एवढीच अपेक्षा आहे.